नानांच्या दोन लाद्या

बर्फाच्या कारखान्यात पंचांग लागतं, हे मला संख्याशास्त्राच्या वर्गात कोणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसल्यावर धुळ्यात हायवेलगतच्या एका बर्फ कारखान्यात मला कारकुनाची नोकरी मिळाली. किती लाद्या निघाल्या, किती गेल्या, मीटर किती फिरलं, एवढंच वहीत लिहायचं. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. माझ्या वर्गातले दोघे पुण्याला मोठ्या कंपन्यांत लागले होते आणि मी इथे अमोनियाच्या वासात, ओल्या गोणपाटांशेजारी बसून आकडे लिहीत होतो. तेव्हा मी स्वतःवर आणि सगळ्या जगावर चिडलेलाच असायचो.

शेठ माणूस वाईट नव्हते, पण विजेचं बिल आलं की दोन दिवस कोणाशी धड बोलत नसत. बर्फाचा धंदा म्हणजे खरं तर विजेचाच धंदा. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पाणी भरलेले पत्र्याचे लांबट डबे सोडलेले, आणि टाकी गार ठेवायला कॉम्प्रेसर चालू. डब्यातली लादी आरपार गोठायला जवळजवळ दोन दिवस लागतात. गिऱ्हाईक आज दारात आलं म्हणून बर्फ आज करता येत नाही, वीज परवाच जाळून झालेली असावी लागते. त्यामुळे सगळा कारभार अंदाजावर. अंदाज चुकून बर्फ उरला, की भुशाखाली झाकलेल्या लाद्या पाणी होऊन गटारीला लागायच्या आणि शेठ त्या पाण्याकडे बघत उभे राहायचे.

हा अंदाज बांधायचे आमचे ऑपरेटर, नाना. साठीच्या पुढचे, जवळच्याच एका खेड्यातून सायकलवर यायचे. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून टाकीतला बर्फ कुठवर आला ते सांगायचे आणि ते खरं निघायचं. पण हात भारी सढळ. कमी पडू नये म्हणून दहा लाद्या जास्तच. शिवाय उन्हाळाभर कोपऱ्यात, भुशाखाली, दोन लाद्या कायम राखलेल्या. त्या विकायच्या नाहीत, वितळून बारीक झाल्या की बदलायच्या.

"त्या कशाला, नाना?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मयतन्या शेतस त्या," नाना म्हणाले. "लगीनवाला आठ दिन पहिले सांगतस. मयतवाला सरळ दारमा येस."

गावात कोणी गेलं आणि लांबचं माणूस यायचं असलं, की घरातलं कोणीतरी हातगाडी घेऊन आमच्याकडे यायचं. खाली लाद्या, वर गोणपाट, त्यावर देह ठेवला की रात्र निघायची. त्या लाद्यांचे पैसे नाना घेत नसत आणि शेठही कधी विचारत नसत. मी मात्र वहीत त्यांच्यापुढे 'नासाडी' असं लिहायचो. तो शब्द माझाच, आणि तो लिहिताना मला काही वाटतही नसे.

वर्षभरात माझ्या डोक्यात आलं, की हे सगळं आधीच मांडून ठेवता येईल. मागच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या. वर्तमानपत्रातलं कमाल तापमान, बाजाराचे वार, शाळांच्या सुट्ट्या, लाइट कोणत्या वेळी जाते, गावातल्या दुसऱ्या बर्फ कारखान्याचा विजेचा बंद वार कोणता, आणि लग्नाचे मुहूर्त. मुहूर्तांसाठी आई होती. वडील मी कॉलेजात असतानाच गेले, घरात आम्ही दोघंच. चष्मा नाकावर ओढून ती पंचांग वाचायची आणि मी ग्राफ पेपरवर खुणा करायचो.

"एवढ्या लोकांची लग्नं मांडतोयस," ती म्हणायची, "एखादा मुहूर्त स्वतःसाठी पण ठेव."

जळगावला तेव्हा नुकताच एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. दर रविवारी मी एस.टी.ने पारोळा, एरंडोल करत जळगावला जायचो, चपला बाहेर काढून त्या गारेगार खोलीत बसायचो आणि आठवड्याचे आकडे भरायचो. संध्याकाळी प्रिंटर करकर करत पट्ट्यापट्ट्यांचा लांबच लांब कागद बाहेर टाकायचा. प्रत्येक तारखेपुढे एक आकडा, त्या दिवशी इतक्या लाद्या जातील. त्यावरून कॉम्प्रेसर दोन दिवस आधी किती तास चालवायचा, हे मी ठरवायचो. येताना एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली, की तो कागद मांडीवर उलगडून पुन्हा बघायचो. एकदा शेजारचा म्हातारा वाकून म्हणाला, "पत्रिका शे का?" मी नुसता हसलो. मला तेव्हा तो कागद पत्रिकेपेक्षा पुष्कळ खरा वाटत होता.

पहिल्याच उन्हाळ्यात विजेचं बिल चांगलं उतरलं. शेठनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आता याच्या कागदाप्रमाणे चालायचं." नानांनी मान डोलावली आणि पेढा फडक्यात बांधून नातवासाठी ठेवला. त्यांना वाईट वाटलं असेलही. मी तिकडे बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला, म्हणजे ऐन मे महिन्यात धोंड्याचा महिना.

"धोंड्यात कुठली आली लग्नं?" आईनेच सांगितलं. "पूस त्या खुणा."

लग्नं बंद, पण या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं असतं, जावयाला अनारशांचं वाण द्यायचं असतं. माझी मोठी बहीण, अक्का, नागपूरला दिलेली. दोन वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं. ती मेहुण्यांना घेऊन येणार म्हटल्यावर आईला दुसरं काही सुचेना. अनारशांचे तांदूळ भिजत घातले, ती रोज त्यांचं पाणी बदलायची आणि मला विचारायची, "आज कोणता वार?" वार तिला चांगला माहीत असायचा.

मी खुणा पुसल्या. कागदावरचे आकडे निम्म्यावर आले. मी एक टाकी बंद करवली आणि दुसरीचं असं गणित बसवलं, की सकाळी निघालेला सगळा बर्फ दुपारच्या आत संपावा आणि पुढचा दुसऱ्या दिवशी पहाटेच तयार व्हावा. मध्ये काही पडून राहायला नको. त्या गणितात नानांच्या दोन लाद्या बसत नव्हत्या.

"तेवढ्या ऱ्हाऊ दे, भाऊ," नाना म्हणाले.

"महिन्यातून किती वेळा लागतात त्या, नाना?"

"कधी एकदाव. कधी नही बी."

"मग?"

फावडं घेऊन नानांनी कोपऱ्यातला भुसा ओढला आणि बाहेर नेऊन टाकला.

आठ दिवस सगळं अगदी कागदाप्रमाणे झालं. नवव्या दिवशी दुसऱ्या कारखान्याचा बंद वार होता. त्यांची गिऱ्हाइकं आमच्याकडे येणार, तेही मी धरलेलं होतं. साडेदहाला शेवटची लादी एका सरबतवाल्याने नेली. मी वहीत 'शिल्लक शून्य' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या, परीक्षेत उत्तराखाली ओढतात तशा.

अकराच्या सुमारास शेजारचे मास्तर स्कूटरवर मला न्यायला आले. आई मोरीत पडली होती. मी पोचलो तेव्हा डॉक्टर बॅग बंद करत होते.

मास्तरांकडे फोन होता. नागपूरचा ट्रंक कॉल लागायला तासभर गेला. मी सांगितलं. अक्का म्हणाली, "मी संध्याकाळच्या गाडीने निघते. उद्या सकाळी पोचते. तोवर थांबवशील ना रे? मला एकदा तिचं तोंड बघू दे."

"थांबवतो," मी म्हणालो. "बर्फ घरचाच आहे, अक्का. तू ये."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. मास्तरांच्या ओट्यावर मी तसाच खाली बसलो.

मी कारखान्यात पोचलो तेव्हा नानांना बातमी कळलेली होती. त्यांनी साखळीने एक डबा टाकीतून वर ओढला होता. लादी डब्यातून सुटली, फरशीवर आली आणि फुटली. बाहेरून बोटभर जाडीचा बर्फ, आत सगळं पाणी. नानांनी दुसरा डबा ओढला, तिसरा ओढला. सगळ्यांचं तेच.

"मझार पानीच शे, भाऊ," ते म्हणाले. कागदाप्रमाणे तो बर्फ दुसऱ्या दिवशी पहाटेला तयार व्हायचा होता, त्याआधी नाही.

नानांनी फुटलेले तुकडे पोत्यात भरले. मग हातगाडी घेऊन ते बस स्टँडवर गेले आणि सकाळी आमच्याकडूनच बर्फ नेलेल्या सरबतवाल्यांच्या, गोळेवाल्यांच्या एकेका गाडीपुढे उभे राहिले. ज्याच्याकडे जेवढा उरला होता तेवढा त्याने दिला. कोणी पैसे मागितले नाहीत. एकाने तर पेटीच उलटी केली आणि धंदा बंद करून तो नानांबरोबर गाडी ढकलत घरापर्यंत आला. मला त्याचा चेहरा आठवत नाही, याचं वाईट वाटतं.

दीड पोतं बर्फ झाला. आईच्या दोन्ही बाजूंना आम्ही तो रचला. पण चुरा आणि तुकडेच ते, लादीसारखे थोडेच टिकणार. मे महिन्यातली दुपार, पत्र्याचं घर. चार-साडेचारपर्यंत फरशीवर नुसतं पाणी राहिलं. ते उंबऱ्याकडे वाहायला लागलं आणि बायका फडक्याने टिपत राहिल्या. शेवटी काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता धरून ठेवू नको, बाबा. तिचेच हाल होतील."

दिवस मावळायच्या आत मी आईला अग्नी दिला.

सकाळी आठला अक्का आली. मेहुणे रिक्षाचे पैसे देत होते तोवर ती घरात शिरली होती. हातातल्या पिशवीत आईसाठी घेतलेलं नवं लुगडं. आईला ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावलेला होता. ती दिव्याकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळली.

"बर्फ घरचाच आहे म्हणाला होतास."

घरात दहा-बारा माणसं होती. नाना दाराबाहेर पायरीवर बसले होते.

"लाइट नव्हती, अक्का," मी म्हणालो. "दोन दिवस कारखान्याला लाइटच नव्हती."

सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडे त्यावर कोण अविश्वास दाखवणार? एक म्हातारी म्हणाली, "मेली ही लाइट!" अक्का मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी दाराकडे बघितलं. नाना स्वतःच्या पायांकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आंबूस वास यायला लागला. तांदळाचं पातेलं तसंच राहिलं होतं, पाणी बदलायला कोणी नव्हतं. अक्काने ते मागच्या लिंबाखाली ओतलं आणि कितीतरी वेळ पातेलं मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तेव्हा जाऊन सांगायला हवं होतं. मी गेलो नाही.

चौदाव्या दिवशी कामावर गेलो तर कोपऱ्यात भुसा परत आलेला होता, आणि भुशाखाली दोन लाद्या. पुढच्या रविवारी जळगावला छापून आणलेल्या कागदावर मी प्रत्येक तारखेच्या आकड्यात पेनाने दोन मिळवले. शेठनी विचारलं, "हे दोन कसले?" मी म्हणालो, "ते लागतात." पुढे अंदाज करायची पद्धत बदलली, शेठनी कारखान्यातच कॉम्प्युटर घेतला, पण ते दोन मी कधी काढले नाहीत. नाना गेले तेव्हा त्यांचा मुलगा सुरतेहून यायचा होता. लाद्या मी स्वतः हातगाडीवर नेल्या. मुलाला बापाचं तोंड बघायला मिळालं.

अकरा वर्षांनी पुन्हा ज्येष्ठ अधिक आला. आता माहेर म्हणजे माझंच घर, म्हणून अक्का आणि मेहुणे आमच्याकडे आले. बायकोने अनारसे केले होते. दुपारी पानं मांडली आणि लाइट गेली. पंखा हळूहळू थांबला. अक्का वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाली, "या लाइटीने माझी आई मला बघू दिली नाही." मेहुणे म्हणाले, "नागपूरला पण हेच. लाइट गेली रे गेली की हिचं हे वाक्य ठरलेलं."

"अक्का," मी म्हणालो.

"काय रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात पंखा फिरायला लागला.

"आली बाई एकदाची," अक्का म्हणाली आणि तिने माझ्या पानात एक अनारसा वाढला. "खा. अगदी आईसारखी जाळी पडलीय."

नाना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खरं काय ते माहीत असलेला आता मी एकटाच उरलो होतो, आणि मी खाली मान घालून अनारसा खात होतो.