दादाचे अठ्ठेचाळीस ठोके

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, चाळीस वर्षं वाद्यवृंदात डबल बास वाजवला. हे वाद्य दिसतं व्हायोलिनसारखंच, फक्त कपाटाएवढं असतं. वाजवणारा उभा असतो, तोही सगळ्यांच्या मागे. प्रत्येक कार्यक्रमानंतर मी "छान वाजवलंस" म्हणायचो. खरं सांगतो, त्यातलं दादाचं नेमकं कुठलं ते मला कधीच वेगळं ऐकू आलं नाही.

निवृत्तीनंतर त्याने एकच ध्यास घेतला : गल्लीतल्या प्राथमिक शाळेच्या मुलांनी असं संगीत समोर बसून ऐकावं. त्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंकडे चार हेलपाटे घातले. शेवटी बाई म्हणाल्या, "एक तास देते. मुलं जागेवर बसून ऐकतील, तर दर महिन्याला या. नाहीतर तो तास मला गणिताला हवाय. तिसरीचं गणित फार कच्चं आहे."

वाजवायला जाणार होते चौघे, दादा आणि वाद्यवृंदातले तिघे. आदल्या संध्याकाळी व्हायोलिनवाल्या बाईंना ताप भरला आणि "त्यांच्याशिवाय कसं?" म्हणत उरलेल्या दोघांनी काढता पाय घेतला.

"मी एकटा जातो," दादा म्हणाला.

"अरे, पण चाल तर त्या वाजवतात."

"मग मी काय चाळीस वर्षं माश्या मारल्या?"

ओझं उचलायला मी होतोच. दारात वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्या सवतीला जपून न्या हो. मागे जिन्यात हिचं डोकं आपटलं तर हे दोन दिवस जेवले नाहीत. माझं आपटलं तेव्हा म्हणाले, बघून चालावं."

वर्गात तीस मुलं होती आणि मागे मुख्याध्यापिकाबाई. "आजोबा, ह्याच्यात झोपता येतं?" इथून सुरुवात झाली. दादाने गंभीरपणे कागद समोर लावला, गज उचलला आणि चार खोल सूर काढले. बाकं थरथरली. मग तो थांबला. थांबला तो थांबलाच. नुसते ओठ हलत होते. दाराशी मी मनात म्हटलं, विसरला बहुतेक! मुलांत खसखस पिकली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, "आजोबा, संपलं?"

"नाही. मोजतोय. इथे व्हायोलिन वाजतं, तोवर मी गप्प."

"पण इथे व्हायोलिन नाहीच्चे!"

दादाने उजवीकडे पाहिलं. खरंच नव्हतं. चाळीस वर्षांची सवय. तो फक्त आपल्या वाट्याचा कागद घेऊन आला होता आणि त्यावर निम्मं गप्प राहणंच लिहिलेलं होतं. वर्ग खदखदून हसला. दादाचे कान लाल झाले.

वेणीवाली मात्र पिच्छा सोडेना. "किती वेळ गप्प?"

"चार-चार ठोके, बारा वेळा."

"बारा चोक अठ्ठेचाळीस!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बरोबर. पण सरळ मोजलं की माणूस हरवतो. आम्ही असं मोजतो : एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार..."

झालं, मुलांना खेळ मिळाला. ती बोटांवर मोजू लागली आणि मधल्या जागेत दादा व्हायोलिनची चाल स्वतःच गाऊ लागला. आवाज फाटका, पण एक वळण चुकलं नाही. मागे उभा राहून त्याने ती जन्मभर ऐकली होती. "बारा-दोन-तीन-चार!" पोरं ओरडली आणि गज तारांवर पडला. पुन्हा, पुन्हा. तिसऱ्या खेपेला सगळी मुलं बाकं सोडून वाद्याला तळहात लावून उभी होती. "पोटात गुरगुरतंय!"

तास संपल्यावर बाई पुढे आल्या. "मुलं जागेवर काही बसली नाहीत."

"नाही बसली," दादा गज सैल करत म्हणाला. "चूक माझीच."

"पण मोजायला एकही चुकलं नाही." बाईंनी वेळापत्रक काढलं. "असं करू. कागदावर तास गणिताचाच राहील. येणार तुम्ही."

पुढच्या महिन्यात चौघे गेले. व्हायोलिनवाल्या बाई सुरेख वाजवत होत्या. मुलं मात्र त्यांच्या खांद्यावरून मागे बघत बोटं मोजत होती, आणि बाराव्याला दादाचा गज पडला तेव्हा तीस जणांनी एकदम सुस्कारा सोडला. व्हायोलिनवाल्या बाईंनी वळून पाहिलं, मागे नेमकं काय झालं ते.