सोनाबाईच्या पेटीतला स्पीकर

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही, मुलांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती तिलाही शेवटपर्यंत कळली नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण वगैरे काही नाही. मला राग आलाय म्हणून सांगतोय.

राग सत्काराचा. मागच्या महिन्यात खांडबाऱ्यात आम्हा जुन्या दुकानदारांना शाल-नारळ दिला. भाषण करणारा माझ्या नातवाच्या वयाचा. तो म्हणाला, सोनाबाई बायस्कोपवालीचा गळा गेला तेव्हा या मिस्त्रींनी तिच्या पेटीत स्पीकर बसवला, रेकॉर्डी लावून दिल्या आणि तिची भाकर वाचवली. टाळ्या पडल्या. अरे, तुला कोणी सांगितलं हे? तू तिला ऐकलंस कधी? बरं, तुझं सोड — समोर माझ्याएवढे म्हातारे बसले होते, त्यांनी तर ऐकलं होतं ना? तेही टाळ्या पिटत होते. आणि मी शाल पांघरून बसलो होतो.

गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. खांडबाऱ्याच्या स्टेशनाबाहेर माझं दुकान होतं — ग्रामोफोन, रेडिओ, बॅटऱ्या दुरुस्त करायचं. बाजाराच्या दिवशी सोनाबाई गाडीने यायची. शहाद्याकडची विधवा बाई, चाळिशीची. बरोबर तिची पेटी — चार पायांवर उभी राहणारी, पत्रा ठोकलेली, सहा भोकांची. भोकाला डोळा लावायचा, ती बाजूची मूठ फिरवायची, आत चित्रं सरकायची. दिल्ली, आग्रा, बोटी, वाघ, राण्या. चित्रं विटलेली होती. वाघाचा पट्टा कुठे संपतो आणि ओल कुठे सुरू होते ते कळायचं नाही. पण चित्रांसाठी कोण येत होतं?

लोक यायचे तिच्या आवाजासाठी. ती अहिराणीत, उंच सुरात, अर्धं गात, अर्धं बोलत, प्रत्येक चित्राबरोबर बघणाऱ्याची फिरकी घ्यायची. "देखा भो, हाऊ आग्राना ताजमहाल. राजानी रानीसाठे बांधा, तू तुन्ही बाईसाठे भीत तरी लीपी दे." भिंत लिंपायचं ऐकून भोकाला डोळा लावलेला माणूस तसाच वाकून हसायचा आणि मागे उभी असलेली त्याची बायको त्याच्याहून जास्त. डोंगरातून उतरलेली माणसं असली की ती त्यांच्या बोलीतले चार शब्द घालायची, चुकीचे घालायची, आणि त्यावरही हशा व्हायचा. मिरच्यांच्या ओळीत बसलेल्या बायका तिच्याकडे न बघता ऐकत असायच्या. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. हे आज सांगतोय मी. जेव्हा सांगायची वेळ होती तेव्हा काय सांगितलं, ते येईलच.

स्पीकरची कल्पना माझी. हेही भाषणात कोणी सांगितलं नाही. सुरतेकडून एक दुसरा बायस्कोपवाला यायला लागला होता, त्याच्याकडे भोंग्याचा ग्रामोफोन होता. मी सोनाबाईच्या मागे लागलो. म्हटलं, पेटीच्या पोटात स्पीकर बसवतो, तुमच्या हातात माइक देतो, आवाज पार रुळांपलीकडे जाईल. ती नको म्हणत होती. मन्हा आवाज पुरस भो, म्हणाली. मला मात्र माझा पहिला ॲम्प्लिफायर बाजाराला दाखवायचा होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा, मी हाताने जोडलेला. तिच्या भल्यासाठी करतोय असं मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही. शेवटी ती हो म्हणाली.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी तिची पेटी दुकानात घेतली, खालची फळी कापली, स्पीकर ठेवला, स्क्रू पिळायला लागलो. आणि पेचकस सटकला. स्पीकरच्या पुढे जो कागदी पडदा असतो, ज्याच्या थरथरण्याने आवाज निघतो, तो दोन बोटं फाटला. दुसरा स्पीकर माझ्याकडे नव्हता. मी काय केलं? कॅलेंडरचा कागद फाडला, खळ लावली, चिकटवला. माइकमध्ये हळूच एक-दोन-तीन म्हणून पाहिलं. नीट वाटलं. हळू बोलल्यावर नीट वाटणारच, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

त्या दिवशी नथ्थूभाई मुद्दाम आले होते. तापीकाठचे गुजर शेतकरी, केळीवाले, मोठं प्रस्थ. गावच्या मंदिराला लाउडस्पीकर घ्यायचा होता, म्हणून माझं काम बघायला पुढेच उभे होते. गर्दी तर नेहमीच्या दुप्पट. सोनाबाईने माइक दोन्ही हातांनी धरला, ताटली धरावी तसा, आणि नेहमीसारखा गळा मोकळा सोडला.

चिकटवलेला कागद पहिल्या ओळीलाच सुटला. फुटक्या मडक्यात भुंगा अडकावा तसा आवाज निघाला — खरखर, फडफड, त्यात तिचे शब्द. ती थांबली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. कोणीतरी ओरडलं, सोनाबाईना गळामा बेडूक भराई गया. आणि सगळा बाजार हसला. बारा वर्षं जिने त्यांना हसवलं, तिलाच हसले. मला अजून ते दात दिसतात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, हाऊ मन्हा आवाज शे का?"

तुम्ही जरा विचार करा. आज लहान पोराला स्वतःचा आवाज यंत्रातून कसा येतो ते माहीत असतं. तिने जन्मात तो बाहेरून ऐकला नव्हता. लोकांना तो कसा ऐकू येतो हे ती मला विचारत होती, कारण त्या बाजारात ते सांगू शकेल असा जाणकार मीच होतो. नथ्थूभाईही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "यंत्र खोटं बोलत नाही. जे आत जातं तेच बाहेर येतं. गळा फाटलाय बाईचा."

हे मी शुद्ध मराठीत म्हणालो. रोज तिच्याशी अहिराणीत बोलणारा मी — त्या क्षणी शाळेतली, कचेरीतली भाषा काढली. आमच्याकडे त्या भाषेत बोललेलं खरं मानतात. मला ते माहीत होतं आणि म्हणूनच मी ती काढली. माझा संताप होतो तो याचा. तोंडातून निसटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी भाषा निवडून खोटं बोललो.

आणि लोक? मागच्याच बाजारात तिचा आवाज ऐकून पोट धरून हसलेले लोक माना डोलवायला लागले. हो हो, वय झालं, मलाही वाटतच होतं. काय वाटत होतं रे तुम्हाला? स्वतःच्या कानांवर तुमचा भरवसा नाही आणि एका खोक्यावर आहे? मी वर्षानुवर्षं या लोकांवर चिडत आलो. कोणा एकाने तरी म्हणायचं होतं, मिस्त्री, तुझं मशीन खराब आहे. पण बघा, माझी चीड नेहमी अशी फिरते. लोकांकडे जाते, नथ्थूभाईंकडे जाते, त्या पेचकसाकडेसुद्धा जाते. पडदा फाटलेला मला माहीत होता. त्यांना नव्हता.

आठ दिवसांनी मी सुरतेहून नवा स्पीकर आणला आणि गुपचूप बदलला. तिला म्हटलं, आता रेकॉर्ड लावू. ग्रामोफोन जोडला, आणि गाणं काय स्वच्छ वाजलं. झालं. सगळ्यांची खात्रीच पटली — मशीन ठणठणीत, गळाच वाईट. माइक तिथेच खुंटीला होता. "एकदा आता बोलून बघा" — एवढं वाक्य म्हणायचं होतं मला. ती बोलली असती, आवाज खणखणीत आला असता, आणि मग कोणीतरी विचारलं असतं की मागच्या खेपेला काय झालं होतं. मी माइक काढून कपाटात ठेवला. नथ्थूभाईंनी मंदिराचा स्पीकर माझ्याकडूनच घेतला.

त्यानंतर सात-आठ वर्षं ती येत राहिली. मुकाट्याने मूठ फिरवायची. आत ताजमहाल आणि बाहेर लग्नातली सनईची रेकॉर्ड, वाघ आला तरी सनईच. पोरं बघायची आणि जायची. मोठी माणसं यायची बंद झाली. बोलायचं झालं तरी ती पदर तोंडावर धरून हळू बोलायची, आजारी माणसाजवळ बोलतात तसं. लोक म्हणायचे, बिचारीचा गळा गेला. ऐकून ऐकून ती गोष्ट गावाची झाली, आणि मागच्या महिन्यात शालीसकट माझ्या अंगावर आली. सोनाबाई तर कधीच वारली.

ती शेवटची आली ते हिवाळ्यात. पेटी विकून टाकली होती, नुसती भेटायला आली होती. पदरात ओल्या तुरीच्या शेंगा होत्या, माझ्यासाठी आणलेल्या. म्हणाली, "मिस्त्री भाऊ, लोके तोंडवर गोड बोलतस. त्या दिन खरं तुम्हीच सांगं." मग घरचं सांगत बसली. तिला नात झाली होती. खूप रडते म्हणाली. "पन पाळना म्हनत नही मी. हाऊ आवाज ऐकीसन लेकरू बिचकी जाई."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. नथ्थूभाई नव्हते, बाजार नव्हता, हसणारं कोणी नव्हतं. मला घाबरायला काहीसुद्धा नव्हतं. तिची गाडी यायला अर्धा तास होता.

मी शेंगा घेतल्या. नातीची चौकशी केली, चहा मागवला, स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. घरी येऊन बायकोला शेंगा दिल्या. तिने मीठ घालून उकडल्या, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ल्या.