रसमड्यात बरी, जुनवानीत आजारी

"मॅडम, इले दमा-बिमा काही नाही. इले सासर नको आहे," सासूबाई माझ्यासमोर बसून सरळ बोलल्या. शेजारी सून सुनंदा खाली मान घालून खोकत होती. नवरा प्रवीण, दुर्गला रेल्वेत नोकरीला, मागे उभा होता.

मी भिलाईत छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. पोलाद कारखान्याच्या या शहरात धाप लागलेला पेशंट आला की सगळ्यांना आधी धूर आठवतो. सुनंदालाही आधी कुणीतरी दमा म्हणून इनहेलर दिला होता. गुण नव्हता. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं.

"घरी असली का आजारी. बहिणीकडं गेली का टुणटुणीत," सासूबाई म्हणाल्या. "मंग आमी काय समजावं?"

"बहीण कुठे राहते?"

"रसमड्याले," सुनंदा म्हणाली.

मी लिहिता लिहिता थांबले. रसमडा म्हणजे कारखान्यांचा भाग. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर काळं होतं. आणि हिचं घर जुनवानीत, मोकळ्या वस्तीतला फ्लॅट. धुराने होत असतं तर उलट व्हायला हवं होतं.

"तिथं खोकला थांबते, मॅडम. जिना चढता येते. परत आली का पुन्हा तेच. मी नाटक नाही करून राहिली." सुनंदाने मान वर केली.

प्रवीण पहिल्यांदा बोलला. "आई म्हणते, इले तिकडंच राहू द्या. कायमची."

मी सीटी स्कॅन करून घेतला. दम्यात श्वासाच्या नळ्या आवळतात. हिच्या नळ्या ठीक होत्या, फुफ्फुसाचा आतला स्पंजच सुजला होता. काही ठिकाणी तो कडक व्हायला लागला होता. श्वासातून रोज एखादी बारीक धूळ जाते, शरीराला ती चालत नाही आणि फुफ्फुस तिच्याशी भांडत बसतं. ती धूळ जुनवानीच्या घरातच असणार. पुढच्या भेटीत मी विचारत गेले. कूलर? बंद पडलाय. भिंतींना ओल? नाही. पक्षी?

"कबुतरं आहेत ना बाल्कनीत," प्रवीण म्हणाला. "आई दाणे टाकते."

"आणि बाल्कनी कोण झाडतं?"

"मीच," सुनंदा म्हणाली. "रोज. सगळं वाळून राह्यते, झाडलं का नाकातोंडात जाते."

कबुतराच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ. रक्ततपासणीतही तेच दिसलं.

सासूबाई उसळल्या. "मी भी त्याच घरात राह्यते. मले कावून नाही होत?"

"प्रत्येकाच्या शरीराला नाही होत, मावशी. हिला होतं. असंच चाललं तर पुढे ऑक्सिजन लावावा लागेल."

"आमचे हे गेल्यापासून सकाळी तेवढंच असते मले," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि उठून बाहेर गेल्या. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही.

गोळ्या मी लिहून दिल्या, पण धूळ थांबल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग नव्हता. सुनंदा तोवर बहिणीकडे राहिली. घरचं काय ठरतं, ते माझ्या हातात नव्हतं.

काही आठवड्यांनी सासूबाई एकट्याच आल्या. नंबर लावून बसल्या होत्या.

"जाळी लावली. माणसं लावून पाण्यानं धुतलं सगळं. दाणे बंद केले. आता तिले आणू का घरी?"

"आणा. पण एक कबुतर परत आलं तरी सांगा."

"नाही येत. मीच हाकलते." मग दाराशी थांबून म्हणाल्या, "मी तिले लई बोलली, मॅडम."

सुनंदा आता जुनवानीतच असते. खोकला गेला, वजन भरलं. पण फुफ्फुसाचा जो भाग कडक झाला तो तसाच राहणार. जिना चढताना मध्ये एकदा थांबावं लागतं. सहा महिने आधी आली असती तर कदाचित नसतं लागलं.

धूर चांगला असं माझं म्हणणं नाही. रसमड्याचेही पेशंट माझ्याकडे येतात. पण त्रास कुठे होतो, हे सगळेच डॉक्टर विचारतात. कुठे गेल्यावर होत नाही, हेही विचारायला हवं.