ह्यांचं लिव्हर आणि नोएडावाली

संध्याकाळचे सात वाजले की आमचे हे मोबाईल घेऊन बाल्कनीत जातात आणि काचेचं दार ओढून घेतात. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत बाल्कनी ती केवढीशी, त्यात माझा कपडे वाळत घालायचा स्टँड. त्या ओल्या कपड्यांत अंग चोरून उभा राहून हा माणूस एका परक्या बाईशी बोलतो, मान डोलावतो, मधेच हसतोसुद्धा. आणि मी इकडे कणीक मळते. मळते कसली, बुकलते.

जळते मी. सरळच सांगते, लपवायचं कशाला?

हे मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, आता गुरुग्रामला एका ऑफिसच्या टॉवरमध्ये सिक्युरिटीचं बघतात. रम फौजेतच लागली. मी काही बोलले की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "अगं, कॅन्टीनचा माल आहे, एकदम शुद्ध. लिव्हर जातं ते हातभट्टीनं." आमच्या फौजी घरांमध्ये सगळे हेच धरून चालतात. सरकार देतंय, मोजून देतंय, म्हणजे चांगलीच असणार! दर महिन्याचा कोटा उचलून आणायचा आणि पुरवून पुरवून प्यायचा, ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी मात्र भांडले, रडले, अबोला धरला, एकदा तर बॅग भरून माहेरी निघून गेले. मुलीच्या शपथा घालून झाल्या. हे "बरं बरं" म्हणायचे आणि सातला ग्लास काढायचे.

मग गेल्या दिवाळीच्या आधी ह्यांचे डोळे पिवळे झाले. ताप हटेना, अन्न समोर आणलं तरी तोंड फिरवायचे, हातपाय वाळत गेले आणि पोट मात्र फुगलं. शेजारीण म्हणाली कावीळ आहे, उसाचा रस द्या. कसला उसाचा रस! हॉस्पिटलमध्ये नेलं तर डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की ही दारूमुळे लिव्हरला आलेली सूज आहे. ह्यांनी तिथेही कॅन्टीनचं तुणतुणं लावलंच. त्या म्हणाल्या, "लिव्हरला बाटलीवरचं नाव वाचता येत नाही, अंकल." मी विचारलं, ह्यांच्यासोबतचे सगळेच पितात, त्यांना कसं काही होत नाही? तर म्हणाल्या, कुणाला होईल आणि कुणाला नाही हे आधी कुणी सांगू शकत नाही. औषधं देऊ, पण खरं औषध एकच, थेंबभरही दारू नाही, आयुष्यभर नाही. सोडली तर सूज उतरू शकेल. पुन्हा घेतली, तर पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल.

ह्यांना तिथेच ॲडमिट करून घेतलं.

पहिले काही दिवस तर बघवत नव्हतं. एकदम बंद झाली म्हणून हात थरथरायचे, भिंतीवर नसलेलं काहीबाही दिसायचं. त्यावरही डॉक्टर औषध देत होते, पण उशाशी बसलेली मी होते. चादरी मी बदलल्या, घास मी भरवले. हे सगळं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझा जीव का जळतो ते त्यातच आहे.

डिस्चार्जनंतर पहिल्यांदा दाखवायला गेलो तेव्हा बाकावर शेजारी एक बाई बसली होती. पन्नाशी उलटलेली, केस कापलेले, कडक इस्त्रीची सुती साडी. नोएडाच्या कुठल्याशा शाळेत शिकवते म्हणाली. मी आपलं सहज विचारलं, मिस्टरांना दाखवायला आलात का? तर हसली आणि म्हणाली, "नहीं भाभीजी, पेशंट मैं ही हूँ."

अगं बाई! मला कुठे बघावं कळेना. पण ह्यांना कुठे बघावं ते बरोब्बर कळलं. दोघांची जी गट्टी जमली! बोर्डाचा निकाल लागल्यावर आया एकमेकींना मार्क विचारतात ना, तसं ह्यांचं चाललं होतं, तुमचं बिलिरुबिन किती होतं, माझं त्याहून जास्त होतं, तुमच्या पोटात पाणी झालेलं का, माझ्या झालेलं. माझ्याशी महिनाभर धड न बोललेला माणूस त्या बाईला सांगत होता की सात वाजले की घसा कोरडा पडतो, घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो, सगळं जग आपल्यावर उठलंय असं वाटतं. मी ऐकतच राहिले. मला का नाही सांगितलं हे कधी? मी काय मेले होते?

ती म्हणाली, मलाही तीच वेळ नडते, सातला मला फोन करत जा, आणि अडीनडीला म्हणून माझाही नंबर लिहून घेतला. एवढंच. आणि त्या दिवसापासून ह्यांनी ग्लासाचं नाव काढलं नाही. माझी सगळी रडारड एका पारड्यात आणि तिचं हे एक वाक्य दुसऱ्या! वर बायका येऊन मलाच म्हणतात, "वहिनी, तुमच्या पुण्याईनं सुटली हो." माझ्या कसली, नोएडाच्या पुण्याईनं म्हणा.

त्यात ते सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंगातलं मांस झडलंय, प्रोटीन पोटात जायला हवं, फार वेळ उपाशी राहायचं नाही, झोपण्याआधीही काहीतरी खायचं, मीठ कमी. मी मुगाची उसळ कर, पनीर कर, अंडी उकड, असं सुरू केलं. हे ताटात बोटं फिरवून उठायचे. आणि एक दिवस बाल्कनीतून आत येऊन काय म्हणावं? "अगं, त्या झोपताना सत्तू घेतात. आपण आणू या का?" ज्या माणसानं दिल्लीत इतकी वर्षं काढून सत्तूकडे ढुंकून पाहिलं नाही, तो दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन हजर! ताकात कालवून प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "वा!"

"माझ्या उसळीत काय विष कालवलं होतं?" मी विचारलं.

"अगं, तसं नाही गं..."

कसंही असो, त्या दिवशी मी भांडी जरा जोरातच घासली.

मुलीला सांगायला गेले तर ती म्हणते, "आई, चिल ना यार. तू जेलस आहेस का?" म्हटलं, हो, आहे! दुखणं मी काढलं आणि मन दुसरीकडे मोकळं होतंय. मला काही तशी शंका नाही, दोघांचीही वयं झाली. पण त्या दोघांचं एक दुखणं आहे, एक भीती आहे, आणि त्यात मला शिरायला जागा नाही. बायको असून मी बाहेरची. हे मुलीला कसं कळणार? ती "अच्छा, अच्छा" म्हणाली आणि फोनमध्ये बघायला लागली.

ह्या जानेवारीत दिल्ली कँटमध्ये ह्यांच्या जुन्या युनिटचा बडाखाना होता. म्हणजे मोठ्या साहेबापासून जवानापर्यंत सगळे एकत्र जेवतात, आणि जेवणाआधी रम चालते. ह्यांचे रिपोर्ट तोवर बरेच सुधारले होते, पोट उतरलं होतं, डोळे पांढरे झाले होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की रिपोर्ट चांगला आला म्हणजे सूट मिळाली असं नाही. पण हे ऐकेनात. "जुने सोबती बोलावतायत, नाही कसं म्हणू?" मग मीही गेले.

दुपारचं छान ऊन पडलं होतं. बायका एका बाजूला खुर्च्यांवर, पुरुष तिकडे शामियान्याजवळ. मी गप्पांना हूं हूं करत होते, पण डोळा ह्यांच्यावर. ह्यांचे जुने सोबती भोवती जमले होते. एकाचा आवाज इथवर येत होता, "रिपोर्ट नॉर्मल आला ना? मग एक गरम पाण्यातून घे, थंडीचं औषध म्हणून!" सगळे हसले, आणि मी बघते तर ह्यांच्या हातात ग्लास.

उठावंसं वाटलं, पण चारचौघांत सुभेदाराच्या हातातला ग्लास बायकोनं हिसकावून घ्यायचा? ते ह्या माणसाला सोसलं असतं का? मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून बसले. तेवढ्यात हे घोळक्यातून बाजूला झाले, एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला. कुणाला लावला असणार हे काय सांगायला हवं? आणि खरं सांगते, त्या क्षणी ग्लासाची भीती राहिली बाजूला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. बायको इथे डोळ्यांसमोर बसलीय आणि ह्याला आठवते कोण, तर नोएडावाली!

ह्यांनी फोन खाली केला आणि माझ्या पर्समधला वाजला. तीच होती.

"भाभीजी, आप कहाँ हैं? उनके पास जाइए, अभी. गिलास हाथ में है उनके." ती एका दमात बोलत होती. "मैं यहाँ से क्या कर लूँगी? आप तो वहीं हैं ना."

उठले आणि चालत सुटले. कोणीतरी "काकू, काय झालं?" विचारलं, मी थांबले नाही.

ग्लास काठोकाठ भरलेला होता, ओठाला लागलेला नव्हता. रम ह्यांच्या बोटांवरून सांडत होती. मी ग्लास काढून घेतला आणि गवतात ओतला. कोण बघतंय, कोण नाही, मला काही सुचलं नाही. पण जीभ कुठली गप्प बसते?

"मी समोर बसले होते ना? मला हाक मारता येत नव्हती? नोएडाला फोन करायला सुचतं, आणि मी दिसत नाही?"

हे माझ्याकडे बघेचनात. खाली बघूनच म्हणाले, "मीच त्यांना म्हटलं, तिला पाठवा."

"अहो, पण मला का नाही बोलावलं?"

"इतकी वर्षं तू सोडा सोडा म्हणून रडलीस, तेव्हा ऐकलं का मी तुझं? आता कुठल्या तोंडानं तुला बोलावू?"

त्यांच्या बोटांना रमचा वास येत होता. मी पदर ओढला आणि त्यांची बोटं पुसायला लागले, एकेक करून.