पंखा त्याचा, इंजिन त्याचं नव्हे

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नदीकाठी एखाद्या बोटीचा गंजका पंखा पडलेला दिसला की पाय आपोआप थांबतात आणि ती केस जशीच्या तशी समोर उभी राहते. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात राहतात. त्यांच्या घरी मी आजही केव्हाही चहाला जाऊ शकतो, आणि ते दार मला बंद करून घ्यायचं नाही.

मी तेव्हा पोंभुर्ण्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीच्या टोकाला वैनगंगेच्या दोन फाट्यांत अडकलेलं एक गाव होतं. उन्हाळ्यात तिथे वाळूतून बैलगाडी जायची, पूर आला की गावाचं बेट व्हायचं. म्हणून ग्रामपंचायतीने एक जुनी मोटारबोट विकत घेतली होती. विकणाऱ्याने तिला नारिंगी रंग मारून अगदी नवरीसारखी नटवून पाठवली होती. मागच्या फळीला इंजिन. ते चाळीस हॉर्सपॉवरचं आहे असं कागदावर लिहिलेलं, इंजिनाच्या टोपणावरही लिहिलेलं. चालवायला गावातलाच एक ढिवर नेमला होता. पिढ्यान्पिढ्या डोंगा चालवणाऱ्या घरातला माणूस. त्याला आपण नावाडी म्हणू.

त्या पावसाळ्यात पूर चढला. लोकांना पलीकडे नेण्याच्या दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत सात माणसं घेऊन बोट मधल्या धारेत शिरली आणि इंजिन पूर्ण जोरात असूनही उलटी, मागे सरकू लागली. अर्धवट राहिलेल्या पुलाच्या खांबावर आदळून ती पालथी झाली. नावाड्याने सहा जणांना एकेक करून ओढत काठावरच्या बाभळीपर्यंत नेलं. सातवी एक म्हातारी होती. ती दुसऱ्या दिवशी खाली, वाळूच्या ढिगाशी सापडली. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवून मी नावाड्याला अटक केली आणि बोट ठाण्याच्या आवारात आणून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "ठाणेदार साहेब, टोपणावर जाऊ नका. आतलं इंजिन चाळीसचं नाईच. नावाड्यानं खरं इंजिन इकून खाल्लं, त्याले इचारा." फोन कट. वेळ आणि नंबर मी स्टेशन डायरीत नोंदवून घेतला आणि नावाड्याला समोर आणायला सांगितलं.

बाक दिलं तरी तो जमिनीवरच बसला. मी आवाज चढवूनच विचारलं, "इंजिन कुठी इकलं?"

"इंजिन?" त्याने गोंधळून विचारलं. "इंजिन म्या काऊन इकीन साहेब?" मग मान आणखी खाली घालून म्हणाला, "पन बुढी मीच मारली."

माझ्या लेखनिक हवालदाराचं पेन सरसावलं. नावाडी सांगत गेला. "बोट आली तवा चार दिवसांतच समजलं, हे जोर धरून नाई राह्यलं. धारेत इंजिन नुसतं बोंबलते, बोट हालत नाई. मंग म्या मच्छीच्या ठेकेदाराकडून मोठा पंखा आनून लावला. वाटलं, पंखा मोठा तं पानी जास्त फेकन. कोनाले इचारलं नाई. त्या दिवशी इंजिन गुदमरून राह्यलं होतं साहेब. मले आवाजावरूनच समजलं होतं, तरी म्या नाव धारेत घातली."

हवालदाराने पेनचं टोपण लावलं. म्हणाला, "साहेब, कबूल झाला." पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही हे आम्हा दोघांनाही पाठ होतं. पण ती कोर्टात टिकली नाही तरी पोलिसाच्या डोक्यात पक्की बसते. मीही खुर्चीत रेललो आणि चहा मागवला.

चहा पिता पिता एक गोष्ट मात्र टोचत राहिली. जो माणूस न विचारता एका जिवाची जबाबदारी डोक्यावर घेतो, तो इंजिनाच्या चोरीसाठी कशाला खोटं बोलेल? चोर मोठा गुन्हा लपवतो आणि छोटा कबूल करतो. इथे सगळं उलटं चाललं होतं.

सरकारी तज्ज्ञाला पत्र गेलं होतं, पण तो पंधरा दिवसांनी येणार होता. कोठडीचे दोनच दिवस उरले होते. तेव्हा मला घुग्घुसचा एक मिस्त्री आठवला. कोळशाच्या ट्रकांखाली उभं आयुष्य घातलेला हा साठीतला माणूस आमची जीपही दुरुस्त करायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. जीप पाठवून त्याला बोलावलं, दोन पंच बसवले आणि म्हटलं, "चाचा, हे बोटीचं इंजिन आहे. जमेल का?"

"साहब, पानी का हो या कोयले का, जो घुमता है वो इंजिन," चाचा म्हणाला. "पाहू द्या."

दहा मिनिटं त्याने हत्याराला हात लावला नाही. नुसता इंजिनाभोवती फिरत तळहात फिरवत राहिला. मग टोपण काढून उलटं धरलं. आत रबराची पट्टी चिकटवलेली होती आणि कडीसाठी नवी भोकं पाडलेली होती. "ही टोपी ह्या डोक्याची नाई," तो म्हणाला.

नंतर त्याने प्लग काढले, इंजिन गिअरमध्ये टाकलं, वरच्या चाकावर आणि खालच्या पंख्यावर खडूची खूण केली. मला सांगितलं, "साहेब, तुम्ही वरून हळूहळू फिरवा. मी खाली पंख्याचे फेरे मोजतो." मग काय, अंगावर वर्दी असलेला ठाणेदार स्टुलावर चढून चाक फिरवतोय आणि खाली उकिडवा बसलेला मिस्त्री त्याला "हळू, हळू" म्हणून दटावतोय, असा तमाशा सगळ्या ठाण्याने पाहिला. "ट्रकच्या गिअरचे दाते आम्ही असेच वळखतो. खोलाचं कामच नाई," चाचा म्हणाला. वरचे फेरे किती, खालचे किती, हे त्याने कागदावर लिहिलं आणि मला इंजिनाच्या कंपनीच्या विक्रेत्याला फोन लावायला सांगितलं. ते आकडे ऐकून विक्रेता म्हणाला, हा हिशेब पंचवीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा, चाळीसचा नव्हे.

एवढ्यावर चाचा थांबला नाही. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन त्याने इंजिनाचा काळा अंगठ्याएवढा कोपरा घासला. तिथे लोखंडाची छोटी गोल चकती निघाली. तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली तशी एक नंबर उमटला. बाहेरच्या पट्टीवर वेगळाच नंबर होता आणि त्या पट्टीचे रिव्हेट नवे कोरे होते. बंद तोंडाचं लोखंड माझ्या डोळ्यांदेखत बोलू लागलं होतं. मी थक्क होऊन पाहत होतो.

पण आनंद कसला? फोनवरच्या माणसाचं खरं ठरत होतं. इंजिन बदललेलं होतं, आणि बोट होती नावाड्याच्या ताब्यात.

चाचा मात्र बोटीच्या मागे बसून फळीचे नट न्याहाळत होता. "साहेब, रंग पाहा," तो म्हणाला.

मी वाकलो. नारिंगी रंगाचा थर फळीवरून इंजिनाच्या पायावर आणि तिथून नटांवर एकसलग गेला होता. कुठे तडा नाही, पान्याचा ओरखडा नाही. "ह्या नटाले पाना लागला असता तं रंग फुटला असता. इंजिन बसवलं, मंग रंग मारला, आनि मंग कोनी खोललंच नाई. खाली पंख्याचा नट येगळा. तो ताजा खोलला आहे. पंखा ह्याचा, इंजिन ह्याचं नाई."

मी पोलीसच. म्हटलं, "त्याने बदलून वर पुन्हा रंग मारला असेल तर?" चाचाने नखाएवढा पापुद्रा खरवडून दाखवला. खाली दुसरा थर नव्हता. रंग एकदाच लागला होता, आणि बोट नारिंगी होऊनच गावात आली हे नारळ फोडायला जमलेल्या सगळ्या गावाने पाहिलं होतं. चार दिवस मी हातात चहाचा कप घेऊन त्याच नटांशेजारी उभा राहत होतो. मला रंग दिसला होता, त्यातली गोष्ट दिसली नव्हती. त्या क्षणी मला त्या तेलकट हातांना नमस्कार करावासा वाटला, आणि पंचांसमोर तो केलाही.

आता फोन करणारा कोण, हा प्रश्न उरला. टोपणाखाली काय आहे हे ज्याने ते टोपण बसवलं त्यालाच माहीत असणार. चोराच्या उलट्या बोंबा! डायरीतला नंबर बोट विकणाऱ्याच्या गोदामातल्या माणसाचा निघाला. त्या बोट विकणाऱ्याला आणून मी टेबलावर फक्त तो पेन्सिलने घासलेला कागद ठेवला. त्याने पाणी मागितलं. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं. खरं चाळीसचं इंजिन दुसऱ्या घाटावर रेती काढणाऱ्याच्या बोटीला लावलेलं सापडलं.

नावाड्याला सोडताना वाटलं, हा आता हसेल. तो म्हणाला, "पन पंखा?"

मी चाचाकडे पाहिलं. चाचा सरळ बोलला. "त्या धारेत पंचवीसचं इंजिन हारनारच होतं, पंखा कोनताही असो. पन न इचारता पंखा बदलला, हे चुकलंच तुझं, भाऊ." मला वाटलं होतं चाचा सांभाळून घेईल. नावाड्याने मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा वर पाहिलं.

कोर्टाच्या हुकमाने खरं इंजिन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला, पंचायतीला मिळालं. पण दुधाने तोंड पोळलेलं गाव. त्या बोटीत, त्या माणसाच्या हाती, पुन्हा बसायला कोणी तयार नव्हतं. आणि पावसाळा अजून संपायचा होता.

चाचा रविवारी घुग्घुसहून स्वतः आला. नवं इंजिन जड, म्हणून मागच्या फळीला आतून सागाची दुसरी फळी जोडली. इंजिन किती वर, किती खाली बसवायचं ते बोटीचा तळ बघून ठरवलं. मग तीन पंखे एकामागून एक लावून पाहिले. या वेळी नावाडी प्रत्येक पंख्याला विचारत होता, "चाचा, हा काऊन नाई?"

"इंजिनाले पुरं फिरू दे," चाचा म्हणाला. "जो त्याले फिरवता येत नाई असा पंखा म्हनजे न पेलनारं वझं."

तिसरा पंखा बसला. नावाडी एकटाच बोट घेऊन मधल्या धारेत, त्याच खांबाजवळ गेला. पाणी तांबडं, फोफावत येणारं. त्याने बोटीचं तोंड धारेकडे केलं, आणि बोट थांबली. दोन्ही बाजूंनी अख्खी वैनगंगा धावत होती आणि बोट पाण्यात खुंटा ठोकल्यासारखी उभी होती. मग ती इंचाइंचाने वर चढू लागली, खांब मागे पडला. काठावर सगळं गाव उभं होतं. नोकरीत मोर्चे पाहिले, आगी पाहिल्या, पण असं दृश्य पाहिलं नाही.

बोट काठाला लागली. "कोन येते?" नावाड्याने विचारलं. कोणीच हललं नाही.

मग बुडालेल्या म्हातारीचा मुलगा चपला काठावर काढून गुडघाभर पाण्यात उतरला आणि पुढच्या फळीवर जाऊन बसला. "चाल," तो म्हणाला. "पलीकडं बैल उपाशी आहेत." नावाड्याने इंजिन लगेच सुरू केलं नाही. आधी पुढे जाऊन त्याच्या अंगात लाइफ जॅकेट घातलं आणि त्याचे सगळे बंद स्वतःच्या हाताने बांधले.

माणूस आपल्या वाट्याची चूक सांगतो, आणि आपण सगळी चूक त्याच्या नावावर लिहून मोकळे होतो, हे मला त्या केसने शिकवलं. त्यानंतर कबुली ऐकून मी हवालदाराला पेनचं टोपण कधी लावू दिलं नाही.