बत्तीसाबांची मागची सीट

बत्तीसाबांना एसटी लागायची. उभा जन्म मालवाहू जहाजांवर काढलेला माणूस. बाकीचे खलाशी आडवे पडलेले असताना यांनी वादळात उभं राहून फ्यूज बदललेले. पण पावसहून रत्नागिरीला निघालेली एसटी भाट्याच्या पुलाला लागायच्या आत यांचं डोकं खिडकीबाहेर. मोटारीतही तीच गत. "जहाज दर्याच्या तालावर हलतं, ताई," ते मला सांगायचे. "एसटी डायवरच्या मर्जीवर हलते. पोटानं ऐकायचं कुणाचं?"

जहाजावर जो विजेचं काम बघतो त्याला बत्तीसाब म्हणतात. नोकरी संपवून ते पावसला परत आले, तरी गावानं त्यांना हेच नाव ठेवलं. माझं स्टँडजवळ रिक्षांच्या सीटा आणि हुड शिवायचं दुकान आहे. ते पहिल्यांदा आले तेव्हा कामाचं काही बोललेच नाहीत. टेबलावरची शिवलेली सीट उचलून त्यांनी टाका नखानं ओढून बघितला. "हा दोरा इथं टिकायचा नाय. खारी हवा खाते त्याला." मला राग आला होता. पण दोरा मी बदलला.

त्यांच्या बायकोला, रुकय्याभाभींना, लकवा झाला आणि सगळं फिरलं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. न्हाऊमाखू घालणं बत्तीसाबांना एकट्याला जमेना, तेव्हा मुलगी नसीम भाभींना दापोलीला आपल्या घरी घेऊन गेली. नसीमचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची सासू, मुलं. बत्तीसाब पावसला राहिले आणि दापोलीला जायचं कसं, एवढाच प्रश्न उरला.

त्यांनी विजेची सायकल घेतली. बुटकी, जाड टायरची, मध्ये दुमडणारी. स्टँडवरचे रिक्षावाले हसले. बत्तीसाबांनी ती अंगणात पूर्ण उघडली आणि पुन्हा जोडली. कंपनीची बॅटरी गणपतीपुळ्याच्या चढात मान टाकणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. पुढे एक, मागे एक, अशा दोन जादा बॅटऱ्या त्यांनी बसवल्या. प्रत्येक जोडावर मेण लावलं, वायरी जहाजातल्यासारख्या रंगांनी वेगळ्या केल्या. बॅटऱ्यांना पाणी लागू नये म्हणून पिशव्या मी शिवल्या. त्या त्यांनी तीनदा परत आणल्या. "वायर कधी खोटं बोलत नाय," ते म्हणायचे. "माणूस बोलतो. म्हणून शिवण बघावी लागते."

मग दर पंधरा दिवसांनी पहाटे निघायचे. जयगडला फेरीबोट, पलीकडे गुहागर, तिथे एका ओळखीच्या दुकानात चहा आणि चार्जिंग, मग दाभोळची दुसरी फेरीबोट. दिवस कलताना दापोली. एक रात्र राहून परत. अडुसष्टाव्या वर्षी. पाठ शेकत बसायचे, पण तक्रार नाही.

एकदा परत आल्यावर दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, "एक शब्द आलाय तिला. मी निघायला उठलो की म्हणते, 'चला.' डावा हात पुढं करते."

"मग?"

"मग काय. नसीम तिला आत नेते."

त्याच आठवड्यात त्यांनी सायकलला मागची सीट करायला घेतली. लोखंडी पाठ, दोन्ही बाजूंना हात, पायांना खोलगट पायरी, छातीवरून आणि कमरेवरून पट्टे. भाभींना पावसला एका दमात आणायचं नाही, वाटेत दोन मुक्काम करायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. मी जाड स्पंज घातला, मानेला दोन्हीकडून उशा केल्या. हे होणार नाही, हे मला टाके घालतानाच कळत होतं. पण ते माप सांगताना भाभींच्या खांद्याची उंची स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवायचे. मी माप लिहून घेतलं.

चाचणीला मीच बसले. पट्टे आवळून त्यांनी मला स्टँडपासून मशिदीपर्यंत नेलं. सगळा बाजार बघत होता. प्रत्येक खड्ड्यानंतर ते विचारायचे, "मान हलली?"

"नाही," मी म्हणायचे.

हलत होती. माझी धडधाकट मान हलत होती.

दापोलीला काय झालं ते नसीमनं मला नंतर फोनवर सांगितलं. अब्बा ऐकेनात, म्हणून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं भाभींना उचलून सीटवर बसवलं. भाभी हसल्या, अर्ध्या तोंडानं. "चला" म्हणाल्या. बत्तीसाबांनी सायकल अंगणातच हळूहळू चालवली. दहा पावलांत भाभींची मान उशीवरून घसरून पुढे पडली आणि त्यांना ती परत वर उचलता येईना. बत्तीसाबांनी सायकल थांबवली. पट्टे स्वतः सोडले.

मला त्यांनी एवढंच सांगितलं, "सीट उसवा. रेक्झिन चांगलं आहे, कुणाच्या रिक्षाला लावा." मी चाचणीत खोटं बोलले होते, हे त्यांना कळलं असणारच. तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

ते त्यानंतरही जात राहिले, एकटेच. आषाढात एका सकाळी नसीमचा फोन आला, की अम्मी गेली. बाहेर वारा असा, की दोन्ही फेरीबोटी बंद. शेजाऱ्यांच्या मोटारीतून त्यांना महामार्गानं लांबून न्यावं लागलं. वाटेत किती वेळा गाडी थांबवावी लागली, ते शेजाऱ्यांनी मोजलं नाही. नसीमकडच्या लोकांनी थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं. बत्तीसाब पोचले तेव्हा कबरीवर माती लोटून झाली होती, आणि पाऊस ती खाली बसवत होता.

सायकल त्यांच्या पडवीत उभी राहिली. मी जाता-येता विचारायचे, चार्जिंगला लावू का? ते हातानंच नको म्हणायचे. दिवाळीनंतर एकदा बाजारातून मासळी घेऊन दुकानात आले तेव्हा मी पुन्हा विषय काढला.

"आता उपयोग नाय," ते म्हणाले. "इतके महिने चार्ज न केलेली बॅटरी परत उठत नाय. तिन्ही गेल्या."

"तुम्हाला हे ठाऊक नव्हतं का?"

"ठाऊक होतं, ताई," ते शांतपणे म्हणाले. "ठाऊक होतं म्हणूनच लावली नाय."

मग मासळीची पिशवी उचलून ते घराकडे चालत गेले.