निरोपाची कार्डं

टाकून देणं हा प्रकार आमच्या काकूला ठाऊकच नाही. ती घरी हाताने शुभेच्छापत्रं करते आणि विकली जातात त्याहून जास्त करते. मग डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला एखादा वाढदिवस सापडतो, साखरेच्या डब्यावर अभिनंदन चिकटलेलं असतं. काका म्हणायचे, उद्या ही मला जेवायलाही कार्डावरच वाढेल.

एका कचेरीने निवृत्त होणाऱ्यांसाठी कार्डं सांगितली आणि ऐनवेळी नको म्हटलं. खोकाभर उरली. वर सोनेरी अक्षरांत 'निरोप', खाली किनारा सोडून निघालेली होडी. घरात ती कुठेच लावण्यासारखी नव्हती. मग काकूने ती दवाखान्यातल्या ओळखीच्या नर्सबाईंना दिली. घशात नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही आणि आडवं पडून लिहायला जाड कागदच बरा पडतो. आतलं कोरं पान तेवढं कापून घ्या, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

पुढे काकांचंच ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. ते शुद्धीवर येईनात. डॉक्टर नुसते वाट पाहू म्हणाले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मला इतकी भीती वाटत होती की काकूकडे बघवत नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती, तसलं काय काय मनात येत होतं.

दार उघडलं. एक नवीन नर्स आली, काकांचं नाव घेऊन म्हणाली, "पेशंटचा निरोप आहे," आणि काकूच्या हातात कार्ड देऊन आत गेली.

काकूने होडी पाहिली. तिचे ओठ पांढरे पडले.

"मीच लिहिलंय हे," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

तिला ते उघडवेना. मी घेतलं. आत काकांचं वाकडंतिकडं अक्षर होतं: उशी टोचते. हिला काहीतरी खायला घाला.

काकू हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. नर्सने 'निरोप' वाचून सरळ निरोपच धाडला होता, तिचं तरी काय चुकलं? घरी गेल्यावर काकांना हे सांगायचं, असं मी म्हणतच होतो, तेवढ्यात काकूचं लक्ष समोर गेलं.

समोरच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. आम्हाला वाटलं होतं, तिचा डोळा लागलाय. तिच्या मांडीवर तीच होडी होती, न उघडलेली.

काकू उठून तिच्याजवळ गेली. हे मी केलंय, त्याचा अर्थ तसा नाही, इथे यावर साधे निरोप लिहितात, असं तिने समजावलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. कार्डावरचा हात काही काढला नाही.

"नक्की?" तिने विचारलं.

काकूला हो म्हणता येईना. वरचा शब्द तिचा होता, आतला नव्हता. ती बाईच्या शेजारी बसली आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "दोघी मिळून उघडू."